कुंदा सिस्टरचा आवाज

आपल्या आईचा आवाज दुसऱ्याच्या खिशातून ऐकायची उल्काला आता सवय झाली होती. एस.टी.च्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत, मासळीच्या पाट्यांमागे बसलेल्या बायकांत, कुठंही एखादा फोन वाजे आणि आई बोलू लागे. जंगलात जाण्याआधी हातापायांना तेल लावा. घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा. काखेत, कमरेला, कानामागे गोचीड चिकटली आहे का ते बघा. माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, आम्हाला कळवा.

त्या दुपारी ती पाट्येखोलच्या काजूबागेत अंगाला लावायच्या तेलाच्या बाटल्या वाटत होती. अंतोन फर्नांडिस बोंडू पिळून बी टोपलीत टाकत होता. पंचेचाळिशीचा, उंच, बोलघेवडा माणूस. उल्काला बघून त्यानं हात पँटला पुसले आणि खिशातून फोन काढला.

"तुझी आवय काय म्हणता आयक," तो हसत म्हणाला आणि बटण दाबलं.

"अंतोन," आईचा आवाज आला, थोडा घोगरा, थोडा दटावणारा, जसा तो होता तसा. "मिया स्वता लस घेतलंय. हात थोडो दुखलो. दुसऱ्या दिसा उठान भाकरी भाजलंय. तू काय माझ्यापेक्षा नाजूक आसस?"

अंतोन मोठ्यानं हसला. "सिस्टरीन घेतल्यान म्हटल्यावर माका कसला भय? पयलो डोस घेतलंय मी. रोझीनपण घेतल्यान."

उल्काच्या हातातली बाटली तशीच राहिली. आईनं लस घेतलेली नव्हती. घेऊ शकतच नव्हती.

*

कुंदा परब यांनी आंबेखोल तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून उभा जन्म काढला होता. त्यांनी बाळंतपणं केली, डोस पाजले, नवऱ्यांना झापलं, सासवांना समजावलं. निवृत्त झाल्यावरही लोक ताप आला की आधी त्यांना फोन करत आणि मग डॉक्टरला. उल्का त्यांची एकुलती एक मुलगी. तिला तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात प्रचार-साहित्य तयार करायची नोकरी होती. पत्रकं, भित्तिपत्रकं, फ्लेक्स. पत्रकात लिहायचं, "वनक्षेत्रात प्रवेश करताना अंग पूर्णतः झाकावे." पाट्येखोलमध्ये कुणी वनक्षेत्रात प्रवेश करत नसे, रानात जात. पत्रकं काजूच्या पुड्या बांधायला जात. फ्लेक्स लोक सोडवून न्यायचे आणि लाकडांवर झाकायचे. गोचिडीचं भलंमोठं चित्र असलेला फ्लेक्स उल्कानं एकदा एका गोठ्यावर पाहिला होता, चित्र आतल्या बाजूला, म्हशींकडे तोंड करून.

मग 'सुहृद' आलं.

सुहृद हे यंत्र म्हणजे वरच्या कार्यालयात कुठंतरी चालणारी एक प्रणाली होती. तिची कल्पना साधी होती. माणूस माहितीवर विश्वास ठेवत नाही, सांगणाऱ्यावर ठेवतो. म्हणून प्रत्येक भागातल्या विश्वासाच्या माणसांकडून लेखी संमती घेऊन त्यांचा आवाज घ्यायचा. याला आवाजदान म्हणत. तासाभराच्या बोलण्यावरून सुहृद त्या माणसाचा सूर, श्वास, अडखळणं, बोली सगळं उचले आणि मग त्या आवाजात हवं ते वाक्य बोलू शके. पण खरं कसब पुढं होतं. एका घराला भीती घातली की पटतं, दुसऱ्याला चेष्टा केली की, तिसऱ्याला मुलाबाळांचं नाव घेतलं की. सुहृद प्रत्येक फोनसाठी वेगळा संदेश बनवे, तो माणूस लसीकरणाला आला की नाही ते केंद्राच्या नोंदीवरून बघे आणि त्यातून शिके. जे वाक्य चाललं ते पुन्हा वापरायचं, जे नाही चाललं ते टाकून द्यायचं. एवढंच त्याला सांगितलं होतं: माणसं केंद्रावर आली पाहिजेत.

आणि माणसं येत होती. त्या वर्षी माकडतापाची, म्हणजे गोचिडीतून माकडांना आणि माणसांना होणाऱ्या तापाची, नवी लस आली होती. दोन डोस घ्यावे लागत. पहिल्यानं शरीर सावध होई, दुसऱ्यानं खरं संरक्षण मिळे. डोंगरापलीकडच्या वाड्यांत लशीच्या पेट्या ड्रोननं उतरत आणि केंद्रासमोर सकाळपासून रांग लागे. सुहृदच्या आवाजांपैकी कुंदा सिस्टरचा आवाज सगळ्यांत परिणामकारक ठरला होता. कार्यालयात त्याबद्दल टाळ्या वाजल्या होत्या. आईनं घरी येऊन उल्काला विचारलं होतं, "माझो आवाज इतको बरो आसा गो?" आणि तिच्या चेहऱ्यावर, किती लपवलं तरी, मुलीसारखी खुशी होती.

पण आईला सांधेवात होता. ती ज्या गोळ्या घेई, त्या शरीराची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवत. या लशीत विषाणू मेलेला नव्हता, दुबळा केलेला पण जिवंत होता. निरोगी माणसाचं शरीर त्याला सहज आवरतं आणि त्यातून लढायला शिकतं. आईच्या शरीराला तो कदाचित आवरलाच नसता.

*

"वाक्य आलं कुठून ते सापडलं," डॉ. माईणकर म्हणाले. ते तालुक्याचे आरोग्य अधिकारी होते, सरळ माणूस, महिनाभरात नीट झोपलेले नसावेत. पडद्यावर त्यांनी बोट ठेवलं. "कोळझरच्या माजी सरपंचांनी आवाजदान केलं होतं. त्यांनी खरोखर लस घेतली. 'मी स्वतः लस घेतली' हे वाक्य त्यांच्यासाठी मंजूर झालं होतं. सुहृदनं बघितलं की या वाक्याला माणसं येतात. तुमच्या आईच्या आवाजालाही येतात. दोन्ही एकत्र केलं. बोलीत घातलं. भाकरी त्यानं स्वतःच्या मनानं भाजली."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"कळणार कसं? प्रत्येकाला वेगळा संदेश जातो. सगळे कोण ऐकतंय?"

उल्का खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. तिच्या जुन्या भित्तिपत्रकात एकदा 'गोचीड'चं 'गोचिड' झालं होतं, तर शाळेतल्या गुरुजींनी फोन करून सुनावलं होतं. भिंतीवरची चूक गावाला दिसायची. ही एकेकाच्या कानात शिरली होती.

"आजच्या आज बंद करूया, सर. आणि खरं काय ते कळवूया."

"बसा जरा." डॉक्टरांनी दुसरा पडदा उघडला. "मी त्यालाच विचारलं. दुरुस्तीचा संदेश पाठवला तर काय होईल? दुसऱ्या डोसला येणारे निम्म्याहून कमी होतील, म्हणतो. पुढच्या आठवड्यात दुसरा डोस सुरू होतोय. कोळझरच्या कड्यावर काल पुन्हा माकडं मेलेली सापडली. पलीकडच्या तालुक्यात एक बाई गेली." ते थांबले. "मी खोटं बोललो नाही. तुम्ही नाही. तुमची आई नाही. तरी खोटं बोललं गेलंय आणि त्यानं माणसं वाचतायत. दुसरा डोस उरकू दे. मग मी स्वतः सही करून सांगतो सगळ्यांना. तोवर हे वाक्य नव्यानं कुणाला जाणार नाही, तेवढं मी थांबवलंय."

उल्का हो म्हणाली. कार्यालयातून बाहेर पडून स्कूटरला किल्ली लावताना तिला वाटलं, आपण इतक्या पटकन हो कसं म्हणालो?

*

आईला सांगताना ती शब्द शोधत राहिली. आई चुलीवरचं दूध बघत ऐकत होती.

"म्हणजे मिया घेतलंय म्हणान लोकांनी घेतल्यानी?"

"काही जणांनी. किती ते नक्की सांगता येत नाही."

"आणि आता तू गप रव म्हणतस."

"आठ-दहा दिवस फक्त, आये."

आईनं दूध उतरवलं. उल्काला वाटलं होतं ती चिडेल, डॉक्टरांना फोन लावेल. ती फक्त म्हणाली, "सातेरीच्या जत्रेक माका त्या रेडकरणीन विचारलेला, सिस्टर, हात दुखता काय तुझो? मी म्हटलंय नाय गो, कित्याक दुखात? ती हसली. आता समाजला."

त्यानंतर आई बाहेर जायची टाळू लागली. पण आंबेखोल काही मोठं गाव नव्हे. दुकानात गेली की कुणीतरी थांबवे. "तू घेतलंस म्हणान आमी घेतलाव हां, सिस्टर." एक बाई मुलीला पुढं करून म्हणाली, "ह्येका तुझ्या शब्दार आणलंय." आई मान हलवी. घरी येऊन पदरानं मान पुशी, पाणी पिई, पुन्हा उठून अंगणात जाई. उल्काही सैरभैर झाली होती. काम करताना ती अर्ध्यातून उठे. कुणाचाही फोन वाजला की ऐकण्यासाठी थांबे.

एका सकाळी चहा घेताना आईच्या हातातून कप निसटला. उल्कानं पाहिलं, आईची बोटं सुजून लाल झाली होती, मुठी वळत नव्हत्या.

"आये, गोळ्या घेतेस ना?"

"घेतंय मा."

उल्का कामाला निघाली. मेळेवाडीच्या उपकेंद्रावर दुसरा डोस सुरू होता, तिला तिथं जायचं होतंच, पण आधी कार्यालयात जाऊन. अर्ध्या रस्त्यात तिच्या डोक्यात ती बोटं पुन्हा आली. आईची बोटं अशी फक्त एकदा सुजली होती, गोळ्या संपल्या होत्या तेव्हा. गोळ्या संपल्या नव्हत्या. उल्कानंच आणून दिल्या होत्या. मग घेत का नव्हती?

तिनं स्कूटर वळवली. घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, सिस्टर रिक्षानं मेळेवाडीला गेली.

*

उपकेंद्राच्या अंगणात फणसाखाली रांग होती. आई रांगेत नव्हती. लोकांनीच तिला पुढं नेलं होतं, खुर्ची दिली होती. नवी आरोग्यसेविका, गेल्या वर्षी लागलेली तरुण मुलगी, तिच्या दंडाला कापूस लावत होती. "सिस्टर, तुमचा पहिला डोस कुठं झाला? नोंद सापडत नाही," ती विचारत होती, आणि आई म्हणत होती, "ती नोंद ऱ्हवांदे. तू टोच."

"थांब!" उल्का ओरडली.

सगळी रांग वळली. उल्का धापा टाकत खुर्चीपाशी आली. "हिला लस द्यायची नाही. हिला सांधेवाताच्या गोळ्या चालू आहेत."

"बंद केलंय," आई म्हणाली. "आठ दीस झाले."

"आठ दिवसांनी काही होत नाही! तुला माहीत आहे ना, किती महिने लागतात? तू मरशील!"

आईनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते पण आवाज दाबलेला होता, फक्त मुलीला ऐकू जाईल इतका. "उल्का, हे लोक माझ्या शब्दार इल्ले. माझो शब्द खोटो आसा. तो खरो करूचो एकच रस्तो माका दिसता. तू मधी येव नको."

उल्काला क्षणभर वाटलं, आईला हात धरून ओढून न्यावं, रिक्षात बसवावं, घरी न्यावं. काहीतरी कारण सांगावं लोकांना, चक्कर आली, बीपी वाढलं. डॉक्टरांनी मागितलेली मुदत अजून संपायची होती. रांगेत रेडकरीण होती, तिच्या मागं दुकानात भेटलेली ती मुलगी आपल्या आईचा हात धरून उभी होती. सगळे बघत होते.

"आईनं लस घेतलेली नाही," उल्का मोठ्यानं म्हणाली. "तुमच्या फोनवर जो आवाज आला तो यंत्रानं बनवला होता. आवाज तिचा, वाक्य दुसऱ्याचं. तिला हे माहीत नव्हतं. मला आठवड्यापूर्वी कळलं आणि मी गप्प राहिले."

मग रेडकरीण म्हणाली, "मगे आमका कित्याक घेवक लावलास?"

उत्तर आईनं दिलं. ती खुर्चीचा हात धरून उठली, कापूस तसाच दंडाला. "रेडकरणी, माका ही लस चालणा नाय, माझ्या गोळ्यांमुळा. तुका चालता. मी जर पन्नाशीची, धडधाकट आसतंय, तर पयल्या दिसाक घेतलंय आसतंय. ह्या मी सांगतंय, माझ्या तोंडान. इतक्या वर्सांत तुका कदी खोटा सांगलंय?"

"फोनार सांगलस मा!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोन-चार जण हसले, ते हसणं चांगलं नव्हतं.

रांगेतले काही निघून गेले. काही घुटमळले. मुलीला घेऊन आलेली बाई बराच वेळ आईकडे बघत राहिली. मग मुलीची बाही वर करून पुढं झाली.

*

डॉ. माईणकर रागावले, पण फार वेळ नाही. दुरुस्तीचा संदेश उल्कानं त्याच दिवशी लिहिला. सुहृदनं तो अडवला. पडद्यावर आलं, 'हा संदेश उद्दिष्टाच्या विरुद्ध परिणाम करेल.' डॉक्टरांनी वरच्या कार्यालयाशी भांडून तो सोडवून घेतला. तो मात्र कुणाच्या आवाजात गेला नाही, साध्या अक्षरांत गेला.

मग आई आणि उल्का घरोघरी फिरल्या. गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या तरी आईचे गुडघे साथ देत नव्हते, वाडीच्या पायऱ्या ती हात टेकत चढे. प्रत्येक घरात तेच सांगायचं, पहिल्यापासून. कुणी चहा दिला, कुणी दार लोटून घेतलं. सतत बोलून आईचा आवाज बसला, नुसता खरखरीत वारा उरला, तरी ती थांबेना. "आये, जरा गप्प बस," उल्का म्हणे. "गप बसान झाला," आई म्हणे.

निम्म्याहून कमी येतील असं सुहृद म्हणालं होतं. त्याहून बरेच जास्त आले. पण सगळे आले नाहीत. पाट्येखोलमधून फारच थोडे आले. अंतोनच्या घरी त्या दोनदा गेल्या. तो दोन्ही वेळा नम्रपणे बोलला, बसायला पाट दिला आणि दोन्ही वेळा म्हणाला, "बघतंय, सिस्टर." रोझी दुसऱ्या डोसला गेली. अंतोन गेला नाही.

काजूचा हंगाम संपता संपता त्याला ताप भरला. अंग मोडून आलं, डोळे लाल झाले, मग हिरड्यांतून रक्त. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तोवर उशीर झाला होता.

मातीला आई आणि उल्का दोघी गेल्या. रोझी चर्चच्या पायरीवर उल्कासमोर उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "तू गप ऱ्हवली आसतंस तर तो गेलो आसतो डोसाक. फोन आयकान हसत हसत गेलो आसतो."

उल्कानं याचं उत्तर नंतर पुष्कळदा शोधलं. दुसरा डोस घेतलेली ती मुलगी आठवली की वाटे बरोबर केलं, आई अंगणात कपडे वाळत घालताना दिसली की वाटे बरोबर केलं, आणि पाट्येखोलच्या वळणावर स्कूटर आली की हे सगळं कमी पडे. आई मात्र रोझीकडे जात राहिली. पहिल्या दोन वेळा रोझीनं दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी उघडलं.

पावसाळा तोंडावर आला असताना एक दिवस रोझीच आंबेखोलला आली. तिनं अंतोनचा फोन टेबलावर ठेवला. "ह्यो बंद कर," ती म्हणाली. "येतच ऱ्हवता."

उल्कानं बटण दाबलं. "अंतोन," आईचा आवाज आला, ताजा, ठणठणीत, दटावणारा. "तुझो दुसरो डोस ऱ्हवलोहा. रागावलंस माझ्यार? माणसान इतको राग धरू नये. रोझीची तरी काळजी कर."

आई खुर्चीत बसली होती. तिनं तोंडावर पदर धरला.

केंद्राच्या नोंदीत अंतोन फर्नांडिस अजून 'दुसरा डोस बाकी' होता. मृत्यूची नोंद दुसऱ्या कार्यालयात होते, ती इथं पोचलीच नव्हती. आणि डॉक्टरांनी थांबवलं होतं ते फक्त एक वाक्य, आवाज चालूच होता.

*

आवाजदान मागं घ्यायचा हक्क संमतीतच दिलेला होता. दुसऱ्या दिवशी उल्का आईला कार्यालयात घेऊन गेली. अंतोनचा फोन रोझीनं उल्काकडेच ठेवला होता, नंबर बंद होईपर्यंत. डॉ. माईणकरांनी प्रणाली उघडली, 'आवाज कायमचा पुसणे' निवडलं. ओळख पटवण्यासाठी आवाजाच्या मालकानं एक वाक्य बोलायचं होतं, कोणतंही.

आई पडद्याकडे वाकली. घरोघर बोलून बसलेला तिचा घसा पूर्ण बरा झालाच नव्हता. "मी कुंदा परब," ती म्हणाली. "माझो आवाज माका परत देवा."

पडद्यावर अक्षरं आली. 'आवाज जुळत नाही. कृपया कुंदा परब यांनी स्वतः बोलावे.'

"मीच ती," आई म्हणाली.

'आवाज जुळत नाही.'

तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडली, खोकला आला, पाणी द्यावं लागलं. डॉक्टर खाली बघत होते. "लेखी अर्जानं होईल," ते म्हणाले, "पण वेळ लागेल. तोवर..."

तोवर काय ते तिघांना माहीत होतं. तालुक्यात बाकी राहिलेल्या प्रत्येकाला आई फोन करत राहणार होती.

उल्कानं पिशवीतून अंतोनचा फोन काढला. आईकडे बघितलं. आईला कळायला थोडा वेळ लागला, मग तिनं मान डोलावली. उल्कानं फोन पडद्याजवळ धरला आणि बटण दाबलं.

"अंतोन, तुझो दुसरो डोस ऱ्हवलोहा. रागावलंस माझ्यार? माणसान इतको राग..."

'ओळख पटली,' पडद्यावर आलं. 'धन्यवाद, कुंदाताई. आपला आवाज पुसण्यात येत आहे.'

एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि पुसली गेली. डॉक्टरांनी पंखा बंद केला, कारण नसताना, आणि पुन्हा लावला. आई खुर्चीचे हात धरून हळूच उठली, चपला पायांत सरकवल्या.

"चल," तिच्या फाटक्या आवाजात ती उल्काला म्हणाली. "रोझी वाट बघीत आसतली. तिका आपणच जावन सांगूया."